गायरान, गोठा आणि गावची विहीर

मराठवाड्यात जलसंधारणाच्या कामाचा हिशेब मांडण्याची एक रूढ पद्धत आहे. किती हेक्टरवर चर खोदले, किती बंधारे बांधले, किती पाणी अडले आणि विहिरींची पातळी किती फुटांनी वर आली, हे आकडे प्रत्येक अहवालात मिळतात. परंतु अडलेले आणि मुरलेले पाणी पिण्यालायक राहिले की बिघडले, याचा रकाना त्या तक्त्यांत बहुधा नसतो. १९७२ च्या दुष्काळाने पाण्याचा विचार प्रमाणाच्या अंगाने करायला लावला आणि तो त्या वेळी योग्यही होता, कारण जिथे घोटभर पाण्याची वानवा होती तिथे त्याच्या प्रतीची चौकशी कोण करणार? परंतु पन्नासहून अधिक वर्षे लोटल्यावरही तीच एकांगी मोजणी चालू राहावी, हे या क्षेत्रातील अभ्यासकांना शोभणारे नाही. परिषदेचे हे अध्यक्षीय भाषण त्या न भरलेल्या रकान्याविषयी आहे आणि त्यातही ते गायरानापुरते मर्यादित आहे, कारण गावाच्या शिवारात पाण्याच्या प्रतीवर इतका परिणाम करणारी आणि तरीही इतकी बेवारस समजली जाणारी दुसरी जमीन नाही.

परिषद ज्या बोरी गावी भरत आहे, ते परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात येते. तालुक्याच्या उत्तरेकडील डोंगर अजिंठा रांगेचे फाटे आहेत आणि दक्षिणेकडे उतरत गेले की गोदावरी खोऱ्यातील भारी काळी जमीन लागते. या टापूतील ओढेनाले करपरा, दुधना आणि पूर्णा या नद्यांच्या वाटेने अखेर गोदावरीला मिळतात. दख्खनच्या काळ्या पाषाणावरील कोणत्याही शिवाराची रचना थोड्याफार फरकाने सारखीच असते : माथ्यावर बरड, मुरमाड माळ, मधल्या उतारावर हलकी जमीन आणि ओढ्याकाठी खोल काळी माती. पेरणीजोगी जमीन कुळांकडे गेली आणि जी नांगराला दाद देत नव्हती ती गुरांसाठी राखली गेली, त्यामुळे गायरान बहुतेक ठिकाणी माथ्यावर किंवा उतारावर आहे. महसुली दृष्टीने सर्वांत निकृष्ट ठरलेली ही जमीन पाण्याच्या दृष्टीने पहिल्या क्रमांकाची आहे, कारण तिच्यावर पडलेला पाऊस खालच्या शेतांतून, ओढ्यातून आणि विहिरींतून वाट काढत पुढे जातो आणि माथ्यावर त्याची जी अवस्था होते तीच घेऊन तो खाली येतो.

ही अवस्था गवताच्या आवरणावर ठरते. उघड्या जमिनीवर पावसाचा टपोरा थेंब आदळला की मातीची ढेकळे फुटतात, सुटलेले बारीक कण जमिनीची छिद्रे बुजवतात, वर एक पातळ पापुद्रा धरतो आणि पाणी मुरण्याऐवजी माती घेऊन वाहू लागते. काळ्या मातीतील चिकणमातीचे कण दोन सहस्रांश मिलिमीटरपेक्षाही लहान असतात आणि त्यांच्यावर ऋण विद्युतभार असल्याने ते एकमेकांना दूर ढकलत राहतात. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर ओढ्याचे पाणी काचेच्या पेल्यात भरून ठेवले, तर रात्रीतून तळाशी रेती आणि जाड गाळ बसतो, पण वरचे पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही चहासारखे गढूळच दिसते, कारण हे बारीक कण आपणहून खाली बसत नाहीत. त्यात तुरटी फिरवली की तिच्यातील ॲल्युमिनियम तो ऋणभार मारते, कण एकत्र येतात आणि पाणी निवळते. गढूळपणा ही केवळ दिसण्याची बाब नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीनुसार, गढूळपणाची स्वीकार्य मर्यादा १ एनटीयू, म्हणजे प्रकाश विखुरण्यावरून मोजलेले एक एकक, एवढी आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ती ५ पर्यंत चालवून घेतली जाते. गढूळ पाण्यात टाकलेली ब्लीचिंग पावडर, जिला गावोगावी टीसीएल म्हणतात, ती कणांना चिकटलेल्या सेंद्रिय पदार्थांवरच मोठ्या प्रमाणात खर्ची पडते आणि कणांच्या आड दडलेले जिवाणू वाचतात. शिवाय स्फुरद हे पोषणद्रव्य मातीच्या कणांना चिकटून प्रवास करते, त्यामुळे तलावात उतरणाऱ्या गाळाबरोबर शेवाळाचे खाद्यही उतरते.

पावसाच्या माऱ्याला खुरांची जोड मिळते. कोरड्या मुरमाड माळावर गुरे चरल्याने फारसे बिघडत नाही, परंतु भिजलेल्या काळ्या जमिनीवर त्यांच्या खुरांनी माती दाबली जाते आणि तिच्यातील हवेची व पाण्याची वाट बंद होते. ओढ्याच्या काठावरची रोजची ये-जा काठ ढासळवते आणि तिथूनच घळी, म्हणजे पाण्याने कोरलेल्या अरुंद खोल नाळ्या, माळाच्या दिशेने मागे मागे सरकू लागतात. पाणवठ्यावर उभी राहिलेली गुरे शेण-मूत्र थेट पाण्यात टाकतात. माळावर विखरून पडलेले शेण उन्हाने वाळते आणि त्यातील बरेचसे रोगजंतू मरतात, परंतु पाण्यात पडलेल्या शेणाला ती संधी मिळत नाही. इ. कोलाय हा आतड्यातील जिवाणू १०० मिलिलिटर पाण्यात एकही आढळू नये, असे मानक सांगते, आणि मोकाट गुरांचा पाणवठा व गावाची नळयोजनेची विहीर एकाच ओढ्यावर असेल तिथे हे मानक पाळले जाणे दुरापास्त आहे. या सर्वांचे खापर शेळीवर फोडण्याची सरकारी परंपरा जुनी आहे, पण ती अन्यायकारक आहे. माळ किती जनावरांनी चरला यापेक्षा तो कोणत्या महिन्यांत आणि किती सलग चरला, यावर नुकसान अधिक अवलंबून असते.

झाशीच्या भारतीय चराई व चारा संशोधन संस्थेशी संबंधित दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये देशातील तृणावरणाचे जे वर्गीकरण प्रसिद्ध केले, त्यात दख्खनचे पठार सेहिमा-डायकँथियम या गटात येते, म्हणजे पवन्या आणि मारवेल या बहुवर्षायू गवतांच्या गटात. ही गवते उन्हाळ्यात वरून वाळतात, परंतु त्यांचे ठोंब जिवंत राहतात आणि मुळे बाराही महिने माती धरून ठेवतात. सततच्या चराईने ती मागे हटली की आधी कुसळी येते, मग एका पावसापुरती जगणारी गवते आणि शेवटी गुरे तोंड लावत नाहीत असा तरोटा आणि गाजरगवत. गाजरगवताने हिरवागार दिसणारा माळ दुरून समाधान देतो; मात्र पहिल्या पावसात, म्हणजे संरक्षणाची सर्वाधिक गरज असताना, तोच माळ उघडा असतो. म्हणून गवताळ जमिनीच्या संवर्धनाचा गाभा जमीन खोदण्यात नाही, वेळापत्रकात आहे. पाऊस सुरू झाल्यापासून गवताला बी धरेपर्यंत, म्हणजे साधारण आश्विनापर्यंत, माळाचा एक हिस्सा बंद ठेवायचा, तिथले गवत कापून न्यायला मुभा द्यायची आणि दरवर्षी बंद हिस्सा बदलायचा, या पद्धतीला आलटून-पालटून चराई म्हणतात. हंगामानुसार कळप हलवणाऱ्या धनगरांना हे तत्त्व कोणत्याही विद्यापीठाच्या आधीपासून ठाऊक होते, हे इथे नमूद केलेच पाहिजे.

मातीच्या वहनाची मोजणी महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याजवळील मांजरी येथे १९२३ मध्ये ताम्हणे यांनी कोरडवाहू शेतीचे पद्धतशीर संशोधन सुरू केले, कानिटकरांनी ते पुढे नेले आणि सोलापूरच्या केंद्रात वाहून जाणारे पाणी व माती मोजली जाऊ लागली. त्याच सुमारास, १९३० च्या दशकात, अमेरिकेतील टेक्सास राज्यात रीझेल या ठिकाणी लहान लहान पाणलोटांच्या तोंडाशी मोजमापाची साधने बसवली गेली. तिथली जमीन परभणीच्या जमिनीच्याच जातकुळीची आहे : ओली असताना फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी काळी चिकणमाती. नांगरलेल्या पाणलोटापेक्षा गवताळ पाणलोटातून कितीतरी कमी माती वाहते, हे तिथल्या नोंदींनी दाखवून दिले. फरक असा की रीझेलच्या नोंदी आजही चालू आहेत आणि त्यांत पाण्यातील नत्र व स्फुरदही मोजले जाते, तर आपल्याकडील मोजणी मुख्यतः बांधबंदिस्तीच्या शिफारशींसाठी झाली आणि पुढे पाण्याच्या प्रतीपर्यंत फारशी पोचली नाही.

भारतात चराई आणि पाण्याची प्रत यांचे नाते सर्वांत स्पष्ट दिसले ते हरियाणातील सुखोमाजरी या गावात. चंदीगडचा सुखना तलाव १९५८ मध्ये बांधला गेला आणि काही वर्षांतच गाळाने भरू लागला. गाळाचा माग काढत गेलेल्या मृद्संधारण संशोधकांना, ज्यांचे नेतृत्व पी. आर. मिश्रा करत होते, त्याचे मूळ शिवालिक टेकड्यांवर सापडले, जिथे सुखोमाजरीची गुरे आणि शेळ्या चरत असत. तारेचे कुंपण घालून किंवा वनरक्षक नेमून भागले नसते. १९७० च्या दशकाच्या मध्यात गावासाठी मातीचे छोटे धरण बांधले गेले, त्यातील सिंचनाच्या पाण्यात भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाचा हिस्सा ठरला आणि त्या बदल्यात गावाने टेकड्यांवरील मोकाट चराई स्वतःहून थांबवली. सामाजिक कुंपण ही संज्ञा तिथूनच रूढ झाली. गाळ झपाट्याने घटला आणि भाभर गवताचे उत्पन्न वाढले. या कहाणीतील एक तपशील मात्र बहुतेक वाचक ओलांडून जातात : शेळ्या कमी झाल्या आणि त्यांच्या जागी गोठ्यात बांधलेल्या म्हशी आल्या. तलावाच्या दृष्टीने प्रश्न तिथे सुटला, पण शेणाने फक्त जागा बदलली होती.

हाच जागाबदल महाराष्ट्रातही झाला. राळेगणसिद्धीत चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी आली, १९९० पासून हिवरे बाजारने तोच मार्ग धरला, आडगावच्या पाणलोटात विजयअण्णा बोराडे यांनी मराठवाड्याला त्याचा धडा घालून दिला आणि भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमाने चराईबंदी ही गावनिवडीची अटच केली. या कामांचे यश निर्विवाद आहे. माळ हिरवे झाले, ओढे अधिक काळ वाहिले, चारा वाढला आणि संकरित गायींच्या दुधाने घरात पैसा आला. परंतु जे जनावर दिवसभर माळावर हिंडून आपले शेण पाच-पन्नास एकरांत विखरून टाकत होते, ते आता बारा महिने दावणीला आहे, आणि दिवसाला दहा किलोच्या पुढे पडणारे त्याचे शेण गोठ्यामागच्या उकिरड्यात साठते. खत शेतात जाते ते वर्षातून एकदा, वैशाखात. तोवर उकिरड्यावर पाऊस पडतो, खालून काळपट पाणी पाझरते आणि ते जमिनीत मुरते. शेणातील नत्राचे जिवाणूंमुळे नायट्रेट बनते. नायट्रेट पाण्यात पूर्ण विरघळते आणि ऋणभारित चिकणमाती त्याला धरून ठेवत नाही, त्यामुळे पाणी जिथे जाईल तिथे ते जाते. खडकाच्या भेगा आणि मुरमाचा थर यांतून ते गावातल्या विहिरीत उतरते.

नायट्रेटची भारतीय मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. तिच्या पुढे गेलेले पाणी तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता कमी करते आणि बाळ निळे पडते. या दोषाला रंग नाही, वास नाही आणि चवही नाही. तुरटीने तो जात नाही, टीसीएलने जात नाही आणि पाणी उकळले तर वाफ होऊन उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण उलट वाढते. गढूळ पाणी गावाला दिसते म्हणून त्याची तक्रार होते, पण नितळ पाण्यातले नायट्रेट प्रयोगशाळेखेरीज कोणाला दिसत नाही. गायरानाच्या संवर्धनाने ओढ्यातला गाळ कमी होऊन त्याच काळात विहिरीतले नायट्रेट वाढू शकते, आणि गावाचा अनुभव मात्र पाणी सुधारले असाच राहतो. नायट्रेटमध्ये युरियाचाही मोठा वाटा असतो आणि दोष केवळ उकिरड्यावर टाकणे चूक ठरेल, हे खरे. तथापि गावठाणातल्या विहिरीपुरता विचार केला तर उकिरडा शेतापेक्षा खूप जवळ असतो.

ही विसंगती भारतापुरती नाही. न्यूझीलंडमध्ये २००३ मध्ये फाँटेरा ही दूधसंस्था, प्रादेशिक परिषदा आणि केंद्रीय मंत्रालये यांच्यात स्वच्छ ओढ्यांचा करार झाला आणि दुभत्या गायींना ओढ्यांपासून कुंपणाने दूर ठेवण्याची मोहीम निघाली. काठ सावरले, पण कँटरबरीच्या मैदानात गायींची संख्या वाढतच गेली आणि भूजलातील नायट्रेट हा तिथला सार्वजनिक वादाचा विषय झाला. पाण्यावाटे वाहून जाणारा दोष कुंपणाने अडतो आणि जमिनीत मुरणारा दोष कुंपणाखालून निघून जातो, हे त्या अनुभवाचे सार आहे.

राज्यातील गायरानांवर होणाऱ्या कामांविषयी एक कटू निरीक्षण नोंदवणे भाग आहे. सलग समतल चर, म्हणजे समान उंचीच्या रेषेवर उताराला आडवे खोदलेले चर, उघड्या आणि धुपलेल्या माळावर उपकारक असतात. पण जिथे पवन्या-मारवेलचे ठोंब अजून तग धरून आहेत तिथे जेसीबी लावून चर खोदले तर शतकभराचे तृणावरण उलटून मुरूम वर येतो आणि पहिल्या पावसाळ्यात त्याच चरांचा भराव ओढ्यात जातो. असे घडते, कारण चराची लांबी मोजता येते आणि बिल निघते, तर गवत नुसते राखण्याचे बिल निघत नाही. मग खाली तलावात साचलेला गाळ काढण्यासाठी गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना येते. ती उपयुक्त आहे आणि शेतकऱ्यांनी तिचा चांगला लाभ घेतला आहे, परंतु गाळ काढण्यावरील खर्चाचा एखादा हिस्सा तो जिथून सुटतो त्या माळावर खर्च झाला असता तर योजनेची गरज कमी झाली असती, एवढा साधा हिशेबही अद्याप कोणी मांडलेला दिसत नाही.

चराईबंदीची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न टाळून पाण्याच्या प्रतीची चर्चा प्रामाणिक ठरत नाही. ज्याच्या शेतात कडबा आहे, मका आहे, तो गाय गोठ्यात बांधू शकतो. ज्याच्याकडे चार उस्मानाबादी शेळ्या आणि शून्य गुंठे जमीन आहे, त्याला बंदी म्हणजे धंदाबंदी. मराठवाड्यात गायरान हा भूमिहीनांच्या, विशेषतः दलित कुटुंबांच्या, जमीनहक्काच्या लढ्याचाही विषय राहिला आहे आणि १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ मध्ये घेतला होता. पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश दिला आणि त्याच वर्षी १२ जुलैला राज्यानेही त्यानुसार निर्णय काढला. आता सौर कृषी वाहिनीसाठीही गायरानांचीच जागा प्रथम पाहिली जाते. वीज हवी आहे, यात शंका नाही. पण पॅनेलखालची जमीन गवताने झाकलेली ठेवायची की तणनाशकाने उघडी करायची, हे करारात लिहिले जात नसेल तर ते लिहून घ्यावे लागेल, कारण त्या जमिनीचे पाणी खालच्या विहिरीलाच जाणार आहे. सुखोमाजरीने भूमिहीनालाही पाण्यात वाटा दिला होता. महाराष्ट्रातील बहुतेक बंद्यांनी गुराख्याला काय दिले, हे त्यांच्या अहवालांतून शोधूनही सापडत नाही, आणि ज्या बंदीत त्याचा वाटा नाही ती बंदी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी रात्रीच्या चराईने मोडते.

उपाय फारसे खर्चिक नाहीत. पाणवठ्यासाठी ओढ्यापासून दूर हौद बांधला आणि काठावर खस किंवा मारवेलचा पट्टा राखला, तर जनावर पाण्यात उतरत नाही आणि वाहून येणारे शेण गवतात अडते. उकिरडा विहिरीपासून आणि हापशापासून किमान पन्नास फूट लांब, उताराच्या खालच्या अंगाला असावा आणि शक्यतो तो खड्ड्यात नसावा. पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी रूढ केलेले नाडेप टाके जमिनीवर विटांनी बांधले जाते आणि त्याचा तळ पक्का असतो, त्यामुळे त्यात खतही चांगले होते आणि पाझरही कमी होतो; शेतकरी त्याकडे केवळ खताच्या दृष्टीने पाहतो, परंतु विहीर वाचवणारे साधन म्हणूनही त्याची शिफारस झाली पाहिजे. धनगरांचे कळप शेतात बसवण्याची जुनी रीत तर शेण पुन्हा विखरून टाकण्याचीच रीत आहे, आणि चराई नियोजनात तिला अडथळा न मानता साधन मानणे शहाणपणाचे ठरेल.

मोजणीची यंत्रणाही नव्याने उभारावी लागणार नाही. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्याचे नमुने घेतच असतो, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर होणाऱ्या सर्वेक्षणावरून गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळतच असते आणि जलजीवन मिशनखाली गावातील महिलांना क्षेत्रीय तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्यात आलेले आहे. उणीव एवढीच की नमुना कुठून घ्यायचा, हे ठरवताना गायरानाचा विचार होत नाही. परिषदेस उपस्थित असलेल्या अभ्यासकांना, कृषी सहायकांना आणि सरपंचांना, तसेच १९७२ पासून याच जिल्ह्यात असलेल्या कृषी विद्यापीठाला विनंती आहे ती एवढीच, की येत्या पावसाळ्याआधी आणि नंतर प्रत्येक पाणलोटातून चार ठिकाणचे नमुने तपासावेत : गायरानाच्या वरचा ओढा, गायरानाच्या खालचा ओढा, शिवारातली विहीर आणि गोठ्यांजवळची विहीर. पहिल्या दोन ठिकाणी गढूळपणा आणि इ. कोलाय पाहावे, शेवटच्या दोन ठिकाणी त्याखेरीज नायट्रेटही पाहावे, आणि हे आकडे चरांच्या लांबीशेजारी, त्याच तक्त्यात छापावेत.